शिंपल्यांची फाइल बंद कुणी केली?

अन्याय मथुराबाईंवर झाला. अखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, पहिल्या मंगळवारी, सकाळी पावणेबारा वाजता, प्रदूषण खात्याच्या सुनावणीच्या खोलीत, पंख्याखालच्या तिसऱ्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या तेव्हा. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण त्या क्षणी मी मान खाली घालून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. दुसरीकडे कुठे बघायची माझी हिंमत नव्हती.

टाय लावलेल्या एका माणसाने त्यांना एक साधा प्रश्न विचारला. त्यांनी खरं उत्तर दिलं. खोलीतले लोक हसले. दहा मिनिटांत आमच्या तक्रारीची फाइल बंद झाली, आणि नाल्यात रंगाचं पाणी सोडणारा पाइप होता तसाच वाहत राहिला. त्या दिवसापासून गावात म्हणतात, मथुरीने केस बुडवली.

मथुराबाईंनी काहीही बुडवलेलं नाही. अन्याय तिघांनी केला: टायवाल्याने, फाइल बंद करणाऱ्या साहेबांनी, आणि मी. पहिल्या दोघांबद्दल मी आनंदाने लिहीन. तिसरीबद्दल लिहिणं भाग आहे.

मथुराबाई साठीच्या आहेत. बऱ्हाणपूरच्या बाहेर, तापीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठावर त्यांची केळीची बाग आहे आणि बागेत विहीर. नाल्याच्या वरच्या अंगाला रंगाई कारखाना आहे. शहरातल्या मागांवर विणलेलं कापड तिथे रंगतं. कारखान्याचं नाव इथे लिहीत नाही. संपादकांनी हात जोडले आहेत आणि कारखान्याच्या वकिलांना भरपूर मोकळा वेळ असतो. कारखान्याचा पाइप नाल्यात उघडतो. नाल्याचं पाणी झिरपून विहिरीत येतं. त्याच विहिरीचं पाणी मथुराबाईंच्या घरात प्यायलं जातं, कारण नळाला पाणी कधी येईल हे नळालाही माहीत नसतं. काही दिवस विहिरीच्या पाण्याला वास येतो, काही दिवस वरणाला वेगळीच चव येते. मथुराबाईंचं मागणं एवढंच होतं: तो पाइप बंद करा, माझी विहीर मला परत द्या. नुकसानभरपाई नको होती, सत्कार नको होता, पेपरात फोटो तर अजिबात नको होता. तो मला हवा होता.

माझ्या कामाला काय म्हणतात हे माझ्या आईला अजून सांगता येत नाही. बऱ्हाणपूरच्या लालबागेत आमच्याकडे स्थळं घेऊन येणाऱ्या काकूंना ती सांगते, "पर्यावरणात आहे," जशी कुणाची मुलगी बँकेत असते. काकू विचारतात, "म्हणजे रोज काय करते?" आई म्हणते, "शिंपले मोजते." काकू चहा संपवतात आणि दुसरं घर बघतात.

मी मुळात पत्रकांवर वाढलेली. कॉलेजात असताना आमच्या नदी समितीची पत्रकं मी लिहायचे. एका पानावर अकरा उद्गारचिन्हं. 'जागे व्हा!' असं मथळ्यात, 'नाहीतर!' असं शेवटी. लोक पत्रक घ्यायचे, घडी घालायचे आणि त्यात शेंगदाणे बांधून न्यायचे. नदीत काय सोडलं जातं, कधी, किती, यातलं काहीही आम्हाला ठाऊक नव्हतं. संताप मात्र ठासून भरलेला होता. मग खंडव्याकडचे एक निवृत्त प्राणिशास्त्राचे सर आमच्या सभेला आले. त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं (असं करणारे ते पहिलेच) आणि म्हणाले, "भाषा छान आहे. पुरावा कुठाय?" मी म्हटलं, पुरावा गोळा करायला खातं आहे ना, सर. सर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

खात्याची पद्धत कशी असते ते सांगते. तक्रार जाते. बरेच आठवडे जातात. मग एक दिवस जीप येते. जीप येणार हे तक्रार करणाऱ्याला कळत नाही, कारखान्याला कळतं. त्या दिवशी पाइपातून असं निर्मळ पाणी येतं की त्याने देवाला अभिषेक करावा. साहेबांचा माणूस बाटली बुडवतो, बूच लावतो, चिठ्ठी डकवतो, चहा पितो. अहवालात येतं: सर्व मर्यादेत. त्या बाटलीला ती बुडवली तेवढीच घटका माहीत असते. आदल्या दिवशीचं तिला काही ठाऊक नाही आणि जीप वळल्यावर काय झालं तेही नाही. अशा बाटल्यांवर या देशातल्या कित्येक नद्या शुद्ध ठरल्या आहेत.

शिंपल्याला मात्र कुणी फोन करून सांगत नाही की साहेब येणार आहेत, आज पाणी पिऊ नको.

गोड्या पाण्यातला शिंपला आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेला असतो. दगडावर घासून त्याला भोक पाडायचं आणि कैरी सोलायची. तान्ह्या बाळाला त्यातून दूध पाजायचं. एवढीच आपल्याला त्याची ओळख. तो चिखलात अर्धा रुतून बसतो आणि दिवसभर अंगातून पाणी ओढतो. त्यातलं खाणं गाळून घेतो, बाकी पाणी सोडून देतो. पाण्यात विषारी धातू असले तर तेही आत जातात आणि त्यातले बरेचसे त्याच्या मांसात साठत राहतात. मासा वाईट पाणी आलं की पळतो. शिंपला पळत नाही, त्याला पळता येत नाही. त्यामुळे महिनाभर नाल्यात बसलेल्या शिंपल्याच्या मांसात महिनाभराची हकिगत असते. पाणी फारच बिघडलं तर तो एकच गोष्ट करतो: तोंड घट्ट मिटून घेतो.

सरांनी शिकवलेलं काम असं. डोंगराकडच्या ओढ्याच्या स्वच्छ डोहातून सारख्या आकाराचे शिंपले आणायचे. कानशीने कवचावर आकडा कोरायचा, वर नेलपॉलिश लावायची म्हणजे आकडा पुसत नाही. (माझी सगळी नेलपॉलिश शिंपल्यांना लागते. माझ्या नखांना मी गेल्या तीन दिवाळ्यांत लावलेली नाही.) मग आठवडाभर त्यांना स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवायचं, म्हणजे पोटातला गाळ निघून जातो. त्यानंतर केळी भरायच्या प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये घालायचे, वर जाळी बांधायची, दगड लावून बुडवायचे. एक कॅरेट पाइपाच्या खाली. एक नाला तापीला मिळतो तिथे. आणि एक पाइपाच्या बरंच वर, जिथे पाणी चांगलं आहे. हे वरचं कॅरेट सगळ्यात महत्त्वाचं. चांगल्या पाण्यातल्या शिंपल्यात काय सापडतं ते कळल्याशिवाय खालच्यात जे सापडलं त्याला काही अर्थ नसतो. महिन्याने सगळे काढायचे, मांस बर्फात घालायचं आणि इंदूरला प्रयोगशाळेत पोचवायचं.

या कामात भेटणारी माणसं सांगायची तर एकाच जातीची. सगळ्यांना मोती हवा असतो. नाल्याच्या काठावर गुडघाभर चिखलात मी उभी असते आणि वरून कुणीतरी मोटरसायकल थांबवून ओरडतो, "निकला क्या मोती?" सरपंचांनी विचारलं, तलाठ्यांनी विचारलं, कापसाच्या एका व्यापाऱ्याने तर भागीदारी देऊ केली. नदी मेली तरी चालेल, मोती मिळाला पाहिजे. इंदूरच्या बसमध्ये एकदा माझ्या थर्मोकोलच्या पेटीतून पाणी गळायला लागलं. शेजारच्या काकूंनी पदर नाकाला लावला. "मछली है ना इसमें? चातुर्मास चालू आहे आमचा!" कंडक्टर आला. मी झाकण उघडून दाखवलं. पांढुरक्या मांसाच्या पिशव्या, प्रत्येकीवर आकडा. कंडक्टर बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आप ठीक तो हो?" माझी तब्येत विचारणारा एवढाच एक सरकारी माणूस मला आजवर भेटला.

मथुराबाईंनी मात्र मोत्याचं नाव काढलं नाही. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "हे काय खातात?"

नाल्याच्या कडेला त्यांनी आपल्यासाठी म्हणून वेगळे चार शिंपले एका उथळ खड्ड्यात ठेवले आणि बागेत येता-जाता बघायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला फोन केला. "पोरी, बाजाराच्या दिवशी दुपारी हे तोंड मिटतात. बाकी दिवस उघडे राहतात." मी धावत गेले. बाजाराच्या दिवशी अख्खं गाव शहरात. नाल्यावर चिटपाखरू नाही. तीन वाजता पाइपाचा आवाज बदलला आणि काळपट, फेसाळ पाणी आलं. शिंपले एकामागून एक मिटले. मथुराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "पाहिलं? तुझ्या साहेबाले म्हणा, जीप घेऊन बाजाराच्या दिवशी ये."

इतकी वर्षं पत्रकं वाटून आम्हाला जे कळलं नव्हतं ते या बाईने चार शिंपल्यांकडे बघून शोधलं. या शोधावर मी दोन भाषणं केली. त्यात मथुराबाईंचं नाव 'एक स्थानिक महिला' असं होतं.

आता माझी चूक.

रीतसर चाचणी करायची ठरली तेव्हा ओढ्यातून शिंपले आणले आणि उपासाला ठेवायला मथुराबाईंकडे दिले. त्यांच्याकडे सावली होती, आणि इच्छापूरच्या वाटेवर राहणाऱ्या आपल्या भावाच्या बोअरचं पाणी त्या रोज कॅनमधून मागवणार होत्या. दोन प्लॅस्टिकचे टब मी नेले होते. एक रिक्षातच तडकला. मी त्यांना म्हटलं, "मावशी, अर्धे या टबात ठेवा, अर्धे दुसऱ्या कुठल्याही चांगल्या भांड्यात. पाणी एकदम शुद्ध हवं." आणि मी निघाले. मला संध्याकाळच्या सभेचं पत्रक छापायला द्यायचं होतं.

'चांगल्या भांड्यात.' हे माझे शब्द. आपल्याकडे कुठल्याही घरात जाऊन सांगा, पाणी शुद्ध ठेवायला सगळ्यात चांगलं भांडं आणा. काय आणतील? मथुराबाईंनी माहेरचा तांब्याचा हंडा माळ्यावरून उतरवला. लग्नात आईने दिलेला. चिंच आणि मीठ लावून तो आरशासारखा घासला, पाणी भरलं आणि त्यात शिंपले सोडले. रोज पाणी बदललं, रोज हंडा पुन्हा चिंचेने घासला. पाहुण्यांची एवढी बडदास्त कुणी ठेवली नसेल.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण सकाळी उठून पितो, त्याने आपलं काही बिघडत नाही. शिंपल्याला मात्र तांबं विष आहे. चिंचेने घासलेल्या हंड्यातून ते पाण्यात आणखी उतरतं. हे मला माहीत होतं. सरांनी दिलेल्या टाचणात दुसऱ्याच ओळीत होतं: धातूचं भांडं नको. मी ती ओळ वाचली होती आणि मथुराबाईंना सांगितली नव्हती. मला ते इतकं उघड वाटलं. प्लॅस्टिकच्या टबात वाढलेल्या माणसाला ते उघडच वाटतं.

आणि याहून वाईट म्हणजे त्यांनी मला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी फोन आला. "पोरी, टबातले नीट आहेत. हंड्यातले तोंड उघडून नाही राहिले."

मी पत्रकाचं प्रूफ तपासत होते. मी म्हटलं, "नवीन जागा आहे, मावशी. लाजत असतील."

"दोन मेले बी."

"उन्हाने असेल. सावलीत सरकवा."

शिंपला तोंड मिटतो म्हणजे काय, हे मी गावोगाव सांगत फिरत होते. तो मिटला हे सांगायला फोन आला तेव्हा मी विनोद केला. 'हंडा' हा शब्दही माझ्या कानावर पडला होता. कशाचा हंडा, एवढं विचारायला किती वेळ लागतो?

हंड्यातले शिंपले वरच्या, चांगल्या पाण्यातल्या कॅरेटमध्ये गेले. टबातले खाली पाइपाजवळ आणि तापीजवळ. महिन्याने इंदूरहून अहवाल आला. पाइपाखालच्या शिंपल्यांत क्रोमियम भरपूर, तापीजवळच्यांत त्याहून कमी, वरच्यांत जवळजवळ नाही. काळा आणि खाकी रंग कापडावर पक्का करायला जे रासायनिक मीठ वापरतात त्यात क्रोमियम असतं, आणि त्या नाल्यावर दुसरा कुठलाही कारखाना नाही. इतका सरळ पुरावा. पण त्याच कागदावर खालच्या ओळीत तांबं होतं, आणि ते सगळ्यात जास्त होतं वरच्या, चांगल्या पाण्यातल्या शिंपल्यांत. मी ती ओळ पाहिली. काहीतरी गडबड असेल असं वाटलं आणि क्रोमियमच्या आनंदात पुढे गेले. सरांना अहवाल दाखवायला हवा होता. त्यांना दाखवायच्या आधी मी तो पत्रकात छापला.

आता तो मंगळवार.

कारखान्याने सल्लागार आणला होता. टाय, लॅपटॉप, आवाजात लोणी. त्याने क्रोमियमचं नावही घेतलं नाही. पडद्यावर फक्त तांब्याची ओळ लावली, लाल रंगात. मग तो मथुराबाईंकडे वळला.

"आई, तुम्ही खूप मेहनत घेतली. हे शिंपले आधी कशात ठेवले होते?"

मथुराबाई ताठ बसल्या. खोलीत त्यांना कुणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. "अर्धे टबात. अर्धे तांब्याच्या हंड्यात. माहेरचा हंडा आहे माझा. रोज चिंचेनं घासत होते."

"रोज?"

"रोज. पाणी शुद्ध राहायले पाहिजे न."

सल्लागाराने साहेबांकडे बघून नुसता हात पसरला. साहेबांनी चष्मा काढला. "देखिए मॅडम," ते मला म्हणाले, "जहर तो आप खुद डाल रहे हैं, और इल्जाम फॅक्टरी पर!" मागच्या रांगेतून हशा आला. मथुराबाईंना हसण्याचं कारण कळलं नाही, म्हणून त्याही थोड्या हसल्या.

मी उभं राहून म्हणायला हवं होतं: हंड्यात तांबं असतं, क्रोमियम नसतं. क्रोमियम कुठून आलं ते विचारा. अवघी दोन वाक्यं. अकरा उद्गारचिन्हांचं पत्रक लिहिणाऱ्या माझ्या तोंडून त्या वेळी एक शब्द फुटला नाही. साहेबांना एवढं विज्ञान येत नव्हतं असं समजू नका. बारावीच्या मुलाला येतं. त्यांना फाइल बंद करायला दोरी हवी होती, आम्ही ती वळून नेऊन दिली.

बाहेर व्हरांड्यात मथुराबाईंनी विचारलं, "काय झालं वं? मी काय चुकीचं बोलले?"

आणि मी सगळ्यांसमोर, गावातली माणसं उभी असताना, त्यांच्यावर ओरडले. "मावशी, हंडा कशाला वापरला तुम्ही? सगळं घालवलं!"

'मथुरीने केस बुडवली' हे वाक्य कारखान्याने पसरवलं नाही. माझ्या तोंडून निघालं आणि माझ्या तोंडूनच ते गावात गेलं.

पुढच्या महिन्यात कारखान्याने स्वागतकक्षात काचेची टाकी बसवली. निळा दिवा, बुडबुडे आणि तळाशी सहा शिंपले. बाजूला पाटी: आम्ही निसर्गाचे मित्र. मी बघायला गेले होते. शिंपले मेलेले होते, कवचं उघडी पडली होती. सुरक्षारक्षकाला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, ते तसेच असतात. उघडले म्हणजे खूश आहेत." त्या कारखान्याचा नदीशी सगळा व्यवहार असाच आहे. टाकी भरायला पाणी बाटल्यांमधलं आणतात, एवढं मात्र मी स्वतः पाहिलं. आपल्या नाल्याचं घातलं नाही.

मथुराबाईंकडे जायला मला पाच आठवडे लागले. त्या केळीच्या बागेत पिलं काढत होत्या, म्हणजे बुंध्याला फुटलेले नको ते कोंब विळ्याने छाटत होत्या. मी माफी मागितली. सगळं सांगितलं: टाचणातली दुसरी ओळ, फोन, सुनावणी. त्यांनी विळा खाली ठेवला नाही.

"तुले बोलले होते न मी? तोंड उघडत नाही म्हणून?"

"हो, मावशी."

"मग? तू एवढी शिकेल बाई, तुले नाही समजलं? मले काय माहीत, तांबं त्याले सोसत नाही? आमच्याकडे देवाले बी तांब्यातच पाणी देतात." विळा पुन्हा चालला. दोन-तीन बुंधे झाल्यावर त्या थांबल्या. "लोक म्हणतात, मथुरीनं बुडवलं. ते राहू दे. पण ते पाणी माझ्या घरात अजून जाते, त्याचं काय करून राहिली तू?"

मी काय करत होते? पत्रकाचा मसुदा तयार होता: 'सुनावणीचं नाटक!' तो फाडला आणि सरांकडे गेले. सर रागावले नाहीत, हे जास्त लागलं. क्रोमियमची ओळ पुढे करून आम्ही अर्ज केला. उत्तर आलं नाही. पुन्हा केला. चौथ्या अर्जाला उत्तर आलं. फाइल पुन्हा उघडता येईल, पण चाचणी नव्याने करायची. सगळे शिंपले एकाच प्रकारच्या भांड्यात ठेवायचे, आणि शिंपल्यांचे पिंजरे, म्हणजे ती कॅरेट, पाण्यात सोडताना नि काढताना पाच स्थानिक पंच हजर हवेत. तक्रारदाराच्या नात्यातले नकोत, समितीतले नकोत. पंचांनी शिंपले मोजायचे, आकडे तपासायचे आणि पंचनाम्यावर सही करायची. पाच सह्या नसतील तर फाइल कायमची बंद.

अट रास्त आहे. साहेबांना शाबासकी देते असं समजू नका. त्यांनी ती घातली कारण पाच माणसं मिळणार नाहीत याची त्यांना खात्री आहे. बऱ्हाणपूर ते माझ्यापेक्षा चांगलं ओळखतात.

मी गेले तीन महिने पंच शोधत फिरते आहे. लालबागेतले एक निवृत्त मुख्याध्यापक, नदीवर तासभर बोलतात, डोळ्यांत पाणी आणतात. पंच व्हा म्हटलं तर, "अगं, जावई तिथे सुपरवायझर आहे." कापडाचे एक व्यापारी म्हणाले, "बेटा, माल वहीं रंगता है. सही सोडून काहीही सांग." एका वकिलांनी मला पर्यावरणाच्या कायद्यावर पाऊण तास शिकवलं आणि शेवटी, "मी त्या दिवशी बाहेरगावी असेन." कुठल्या दिवशी, हे मी अजून सांगितलेलं नव्हतं. एका महिला मंडळाने विचारलं, सही केली तर प्रमाणपत्र मिळेल का. माझ्या सख्ख्या काकांनी विचारलं, "तुला एकटीलाच दिसतं का गं ते पाणी?" नाही, काका. तुम्हालाही दिसतं. पुलावरून जाताना तुम्ही स्कूटरवर नाक दाबता, मी मागे बसलेली असते.

कारखानेवाल्यांचा मला राग येतो, साहेबांचाही येतो. पण त्यांना निदान यातून काही मिळतं. नाक दाबून पुलावरून जाणाऱ्यांना काय मिळतं ते मला अजून समजलेलं नाही.

तिघं मिळाले. एक निवृत्त पोस्टमन, ज्यांनी माझं बोलणं अर्ध्यावर तोडून "कुठे सही करायची?" एवढंच विचारलं. पिठाची गिरणी चालवणाऱ्या एक बाई. आणि सरकारी दवाखान्यातली एक नर्स, जी म्हणाली, त्या गावातून पोट बिघडून येणारी माणसं मी रोज बघते, मला समजावू नको. मथुराबाईंना ही नावं सांगितली. त्यांनी बोटांवर मोजली. "तीन. पाच म्हणला होता न तो?"

"हो, मावशी."

"मग दोन कमी आहे. माफी मागत नको बसू. दोन माणसं आण."

दिवाळी अंकात लेख लिही असं संपादक म्हणाले तेव्हा मी हो म्हटलं ते याचसाठी. माझे अनुभव ऐकवण्याची मला हौस नाही. माझ्या अनुभवाची किंमत काय आहे ते वर लिहिलंच आहे.

तर आता तुम्हाला सांगते. तुम्ही, जे फराळाचं ताट शेजारी ठेवून हे वाचता आहात. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी आठ वाजता, मथुराबाईंच्या बागेच्या खालच्या अंगाला पिंजरे पाण्यात जातील. तुम्ही बऱ्हाणपुरात राहत असाल तर ओळखपत्र घेऊन तिथे या. शिंपले स्वतः हाताने मोजा, आकडे स्वतः वाचा. शंका असेल तर विचारा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. महिन्याने पुन्हा या. तुम्ही जळगाव, नाशिक, पुण्याला राहत असाल तर बऱ्हाणपुरात तुमचा कुणी साडू, आत्या, वर्गमित्र असेलच. त्याला आज फोन करा, फराळ थांबेल. तुमचा जावई तिथे नोकरीला असेल तर त्यालाही विचारा, बाजाराच्या दिवशी दुपारी तीन वाजता कुठला व्हॉल्व्ह उघडतो.

लेख आवडला असं पत्र पाठवू नका. मथुराबाईंना वाचता येत नाही आणि मला त्याचा उपयोग नाही. दोन सह्या कमी आहेत. या, आणि सही करा.